दांडा सोडला, पट्टा धरला

दातवाल्यांना दातवाले म्हणत ते त्यांच्या धंद्यामुळे. शहरातल्या निम्म्या दंतवैद्यांच्या कवळ्या त्यांच्या दोन खोल्यांच्या कारखान्यात तयार व्हायच्या. प्लॅस्टरचे जबडे समोर मांडून, मेणात एकेक दात बसवत, दिवसभर ते कुणाच्या तरी हसण्याची डागडुजी करत बसलेले असायचे. स्वतः मात्र मोकळेपणी हसायचे ते रविवारी. कारण रविवारी सकाळी बॅडमिंटनच्या हॉलमध्ये गाड्यांच्या शर्यती असायच्या.

गाड्या म्हणजे रिमोटच्या. पण वाढदिवसाला आणतात आणि संध्याकाळपर्यंत मोडतात, त्या नव्हेत. हातभर लांब, चारही चाकांना जोर मिळणारी, खऱ्या शर्यतीच्या गाडीइतकी नाजूक आणि तितकीच लहरी अशी ही जात. हॉलच्या जमिनीवर करडा गालिचा अंथरायचा, त्यावर लाकडी फळ्या मांडून वळणावळणाचा रस्ता करायचा, आणि एका अंगाला असलेल्या मचाणावर सगळ्यांनी रिमोट घेऊन ओळीनं उभं राहायचं. डॉक्टर, सुतार, बँकेतले साहेब, सगळे त्या मचाणावर एका मापाचे. ज्याची गाडी पुढे, तो शहाणा.

दातवाल्यांच्या शेजारी कायम एकच माणूस उभा असायचा, तो म्हणजे त्यांचे साडू. साडूंची ड्रायव्हिंग स्कूल होती, म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तरांचा आवाज असा, की रस्त्यावर त्यांनी शिकाऊ माणसाला "ब्रेक!" म्हटलं की शेजारची सायकलसुद्धा थांबायची. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, आणि दोघांच्या गाड्या सख्ख्या बहिणींहून सख्ख्या. एकाच कंपनीच्या, एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच टेबलावर खोलल्या-जोडलेल्या.

या दोन्ही गाड्या दांड्याच्या होत्या. म्हणजे असं, की गाडीच्या पोटात मधोमध एक पोलादी दांडा. मोटर तो दांडा फिरवायची आणि त्याच्या दोन टोकांवरून पुढच्या-मागच्या चाकांना जोर जायचा. गाडी दणकट, पण तिला एक खोड होती. जोर दिला, की दांड्याच्या पिळानं ती डावीकडे अंग टाकायची. म्हणून वळणातून बाहेर पडताना रिमोटवरच्या अंगठ्यानं तिला किंचित उजवीकडे ओढून धरावं लागे. हे मास्तरांनी शोधून काढलं आणि दातवाल्यांच्या हाडात मुरवलं. इतकं, की दातवाले झोपेत कूस बदलायचे तेव्हा त्यांचा अंगठा उजवीकडे वळायचा, असं त्यांची बायको सांगायची.

पुढे कंपनीनं ती गाडी बनवणं बंद केलं. बाकीच्या मंडळींनी हळूहळू पट्ट्याच्या गाड्या घेतल्या. त्यांत दांडा नाही, दोन दातेरी रबरी पट्टे असतात. मास्तर मात्र हटले नाहीत. कुठून कुठून जुन्या गाड्या मिळवून, सोलून काढून त्यांनी सुट्या भागांचं एक कपाटच भरलं. "मी आहे तोवर दांड्याला मरण नाही," ते छातीवर हात ठेवून सांगायचे, आणि दातवाले मान डोलवायचे.

सगळं असंच चालू राहिलं असतं, पण बेकरीवाल्या बाईंचा अंगठा भाजला.

बेकरीवाल्या बाई म्हणजे क्लबातल्या पहिल्या नंबरच्या चालक. पहाटे पाव भाजायच्या, आणि दिवस वर आला की भल्याभल्यांचा फडशा पाडायच्या. त्या रविवारी भट्टीतला तापलेला ट्रे लागून त्यांच्या अंगठ्याला फोड आला होता. शर्यतीआधी गाडी नीट चालते का बघायला त्यांनी जवळ उभ्या असलेल्या दातवाल्यांच्या हातात रिमोट दिला.

"दोन चकरा मारून बघा हो. जपून हं, माझा जीव आहे तिच्यात."

दुसऱ्याची वस्तू, त्यातून बाईंचा जीव. दातवाल्यांनी श्वास रोखला आणि बोटांच्या टोकांनी, ओल्या मेणाला लावावा तसा हात लावून गाडी हाकली. आणि त्यांना काहीतरीच झालं. गाडी वळणात शिरली आणि बाहेर आली, मध्ये काही घडलंच नाही! ना ओढ, ना हिसका, ना भांडण. इतकी वर्षं आपण गाडी चालवत होतो की कुस्ती खेळत होतो, असा प्रश्न त्यांना पडला. दोन चकरांच्या चार झाल्या, चाराच्या आठ. शेवटी बाईंनीच रिमोट काढून घेतला.

"आवडली वाटतं?"

"नाही, म्हणजे... ठीक आहे," दातवाले म्हणाले, आणि लपूनछपून मिठाई खाल्लेल्या माणसासारखं तोंड करून टेबलाकडे परतले. मास्तर दांड्याला ग्रीस लावत बसले होते. "काय, कशी आहे रबराची बाहुली?" त्यांनी विचारलं. दातवाल्यांनी फक्त खांदे उडवले. साडूपासून लपवलेली त्यांची ही पहिली गोष्ट.

पुढे गोष्टी आपोआप जुळत गेल्या. बाईंकडे त्याच जातीची एक जादा गाडी पडून होती. बाईंच्या सासूबाईंची कवळी बसत नव्हती. बेकरीत राहून त्या बापड्या पावाचा मऊ गाभाच खायच्या आणि कडक कडांकडे नुसत्या बघत बसायच्या. दातवाल्यांनी त्यांच्यासाठी अशी कवळी केली, की सासूबाईंनी पहिल्याच दिवशी कडक टोस्टचा आवाज काढून सगळ्या घराला दाखवला. गाडी दातवाल्यांच्या पिशवीत आली.

कारखान्यात, प्लॅस्टरच्या जबड्यांच्या रांगेत ठेवून त्यांनी ती सबंध खोलली, पुसली, पुन्हा जोडली. मास्तरांना योग्य वेळ बघून सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं. पण योग्य वेळ म्हणजे काय, ती कधी यायचीच नसते. त्यांनी सांगितलं फक्त बायकोला. ती बहिणींतली धाकटी; तिनं ते सांगितलं फक्त थोरलीला, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, तेही फोनवर आणि "कुणाला बोलू नकोस" असं बजावून. थोरलीनं कुणालाच सांगितलं नाही. नवरा काय, घरचाच माणूस.

त्या आठवड्यात थोरलीकडे सगळ्यांचं जेवण होतं. दातवाले दारातून आत आले तेव्हाच त्यांना कळलं, की पाणी कुठेतरी मुरलं आहे. मास्तर वर्तमानपत्र वाचत होते. म्हणजे धरून बसले होते, कारण ते उलटं होतं.

पानं वाढली. मास्तरांनी दातवाल्यांकडे न बघता मेव्हणीला हाक मारली.

"धाकटे, तुझ्या नवऱ्याला विचार, आणखी वाढायचं का. आमच्याकडचं सगळं जुनं आहे म्हणावं. नवीन हवं असेल तर बाहेर मिळतं."

धाकटीनं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं पानाकडे बघितलं.

"भाऊजींना सांग," दातवाले हळूच म्हणाले, "जेवण फक्कड आहे. मी गाडी बदलली, सासुरवाडी बदललेली नाही."

"त्याला म्हणावं, आधी माणूस गाडी बदलतो, मग सांगायची पद्धत बदलतो, मग टेबल बदलतो."

"अहो, कुणी टेबल बदललंय?"

"मी त्याच्याशी बोलत नाहीये," मास्तर थोरलीला म्हणाले, "त्याला सांग."

थोरलीनं पळी भांड्यात आपटली. "मी काय टेलिफोन आहे? जेवा मुकाट्यानं दोघंही."

दोघंही मुकाट्यानं जेवले. हात धुवायला म्हणून दातवाले आत गेले, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारापाशी त्यांना मास्तरांचा आवाज ऐकू आला. हा त्यांचा रस्त्यावरचा आवाज नव्हता.

"गाडीचं नाही गं एवढं. कपाटभर सामान मी काय एकट्यासाठी जमवलं? प्रत्येक वस्तू जोडीनं घेतली, एक माझी, एक त्याची. आता त्याच्या वाट्याचं काय करू मी?"

दातवाले तसेच मागे फिरले. हात धुवायचे राहूनच गेले. 

माणसाच्या मनात असं काही टोचत असलं, की निदान गाडी तरी नीट चालावी. पण तीही चालेना. बाईंच्या गाडीनं जी जादू दाखवली होती, ती या गाडीतून कुठे पळाली कळेना. पहिल्याच शर्यतीत यू-वळणातून बाहेर पडताना गाडी उजव्या फळीवर धाडकन आदळली आणि चारी चाकं वर करून पडली. दुसऱ्या फेरीत पुन्हा तिथंच, तिसऱ्या फेरीतही तिथंच. दातवाले टायर बदलून बघत, स्प्रिंगा बदलून बघत, बॅटरी पुढे-मागे सरकवून बघत. काही केल्या ती फळी काही त्यांना सोडेना. वेगाप्रमाणे पाडलेल्या तीन गटांपैकी मधल्या गटातून ते खालच्या गटात घसरले. खालच्या गटात नवशिकी मंडळी होती आणि टोपीवाले आजोबा होते. आजोबा इतकी सावकाश गाडी चालवायचे, की त्यांची गाडी आजवर कशालाच लागलेली नव्हती.

आणि खरी गंमत पुढेच होती. क्लबाचा नियम असा, की एका गटाची शर्यत झाली की त्या गटाच्या मंडळींनी पुढच्या शर्यतीला वळणावळणावर उभं राहायचं आणि उलटलेल्या गाड्या सरळ करून द्यायच्या. याला मार्शल म्हणत. पूर्वी दोघे साडू एकाच गटात असत, तेव्हा प्रश्न नव्हता. आता मधल्या गटात असलेले मास्तर आपली शर्यत आटपून मार्शल म्हणून उभे राहायचे आणि शर्यत असायची दातवाल्यांची. आणि मास्तरांची उभं राहायची जागा वर्षानुवर्षं ठरलेली होती. यू-वळणाच्या तोंडाशी.

अबोला होता, पण नियम म्हणजे नियम. दातवाल्यांची गाडी आदळली की मास्तर यायचे, मेलेला उंदीर उचलावा तशी दोन बोटांनी ती उचलायचे, सरळ करायचे आणि मचाणाकडे न बघता परत जाऊन उभे राहायचे. एका शर्यतीत तर त्यांना इतक्या खेपा पडल्या, की माइकवर बसलेल्या चिटणीसांना राहवलं नाही. "मास्तर, आज तुमचा चांगला व्यायाम होतोय!" ते म्हणाले. सगळा हॉल हसला. हसले नाहीत ते फक्त दोघं.

"जुनीच चालवा ना मग," एके संध्याकाळी धाकटी म्हणाली. "रविवार आला की तुमचं तोंड बघवत नाही. आधी रविवारी हसायचात."

दातवाल्यांनाही ते पटलं. त्यांनी माळ्यावरून दांड्याची गाडी खाली काढली आणि कारखान्याच्या मागच्या मोकळ्या जागेत चालवून बघितली. ती डावीकडे जाऊ लागली, त्यांनी तिला किंचितऐवजी भसकन उजवीकडे ओढलं, आणि गाडी सरळ पाण्याच्या पिंपाला भिडली. इतके दिवस पट्ट्याची गाडी चालवायचा प्रयत्न करून त्यांचा जुना हातही बिघडला होता. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. ते तिथंच उलट्या बादलीवर बसले आणि चक्क हसायला लागले. रडून काही उपयोग नव्हता.

अशात वर्षातली मोठी शर्यत आली. त्या दिवशी हॉल माणसांनी भरलेला असायचा, घरची मंडळीही यायची. थोरली आणि धाकटी वरच्या गॅलरीत शेजारी शेजारी बसल्या. नवऱ्यांचा अबोला त्यांच्यात कधी शिरलाच नव्हता. उलट बोलायला विषय मिळाला होता. खालच्या गटाची अंतिम शर्यत पुकारली तेव्हा दातवाले मचाणावर चढले, आणि मास्तर आपल्या गटाची प्राथमिक शर्यत आटोपून, कमरेवर हात ठेवून, यू-वळणाशी येऊन उभे राहिले. या दोघांमध्ये आता गालिचाभर अंतर होतं, पण बघणाऱ्याला ते गावभर वाटावं.

शिट्टी झाली. दातवाल्यांची सुरुवात झकास झाली. सरळ रस्ता, पहिलं वळण, नागमोडी, आणि यू-वळण. धाड! मास्तर आले, गाडी सरळ केली, गेले. दुसरी फेरी. पुन्हा धाड. मास्तर आले, गाडी सरळ केली. टोपीवाले आजोबा बाजूनं डुलत डुलत निघून गेले. तिसऱ्या फेरीला दातवाल्यांची गाडी वळणातून बाहेर आली, आणि या वेळी मास्तर तिच्यावर ओणवेच झालेले होते. पडायची वाट बघत होते म्हणा ना. त्यामुळे त्यांनी जवळून, अगदी नाकासमोर बघितलं, की गाडी व्यवस्थित सरळ निघाली होती. आणि मग तिची पुढची चाकं, काही कारण नसताना, उजवीकडे वळली.

मास्तर गाडी हातात घेऊन ताठ उभे राहिले. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा, आणि इतक्या दिवसांचा अबोला एका दणक्यात फुटला.

"अरे गाढवा! उजवीकडे कशाला ओढतोयस तिला? ती डावीकडे जातच नाहीये!"

 दातवाल्यांनी स्वतःच्या उजव्या अंगठ्याकडे बघितलं. अंगठा उजवीकडे होता. कुणी सांगितलं होतं त्याला? कुणीच नाही. वर्षानुवर्षांच्या सवयीनं तो आपला आपण तिकडे जाऊन बसला होता, आणि आपल्या नसलेल्या दांड्याची ओढ सांभाळत होता. बाईंची गाडी चालवताना भीतीनं बोटं हलली नव्हती, म्हणून ती सरळ गेली. आपली म्हटल्यावर हात मोकळे सुटले आणि गाडीच्या मुळावर आले.

"बघत काय बसलास!" मास्तर ओरडले आणि त्यांनी गाडी खाली ठेवली. "चल! गॅस दे. हात सोड. सोड म्हणतो ना! काही करू नकोस!"

मास्तरांच्या त्या आवाजापुढे भले भले गार व्हायचे, तिथं दातवाले तर घरचे. त्यांनी काही केलं नाही. गाडी सरळ रस्त्यावर आली, नागमोडीतून सुटली, पुन्हा यू-वळणात शिरली.

"आता आत घे... बास. आता गॅस. आणि अंगठा? अंगठा!"

अंगठा जागच्या जागी राहिला. गाडी वळणातून अशी बाहेर आली, जसा साबण ओल्या हातातून निसटतो. मास्तरांनी दोन्ही हात वर केले. गॅलरीत थोरली उभी राहिली.

"मार्शलनी चालकाला सूचना देऊ नयेत," चिटणीस माइकवरून म्हणाले.

"सूचना कोण देतंय? मी घरच्या माणसावर ओरडतोय!" मास्तर म्हणाले. "त्याला तुमचा नियम नाही."

चिटणीसांनी नियमांचा विचार केला, हॉलमधल्या गलक्याचा विचार केला, आणि माइक बंद केला.

पुढच्या फेऱ्या दातवाल्यांना नीटशा आठवत नाहीत. एक नवशिका मागे पडला, मग दुसरा. कडेला "सोड... सोड... शाब्बास!" असा गजर चालू होता. शेवटच्या फेरीत पुढे फक्त टोपीवाले आजोबा उरले होते. आजोबा आपले नेहमीप्रमाणे रस्त्याच्या मधोमध, ना घाई ना गर्दी. घुसून जायला जागा होती. पण घुसलं तर आजोबांची गाडी फळीवर जाण्याचीही शक्यता होती. जन्मात कशालाही न लागलेली गाडी! दातवाल्यांनी जोर कमी केला आणि त्यांच्या मागून रेष ओलांडली.

"पहिला नंबर, टोपीवाले आजोबा!" चिटणीसांनी माइक पुन्हा चालू करून पुकारलं. आजोबांनी टोपी काढून सगळ्यांना वंदन केलं आणि शेजारच्याला विचारलं, "शर्यत संपली का?"

दातवाले मचाणावरून उतरले. मास्तर पट्ट्याची गाडी काखेत धरून समोर उभे होते. आता दोन बोटांत नव्हे, काखेत. 

"घुसायला पाहिजे होतंस," मास्तर म्हणाले.

"आजोबा होते हो."

"ते आहेच." मास्तरांनी गाडी उलटी करून पोटाकडे निरखून बघितलं. "पट्टा सैल आहे. कुणी लावला?"

"मीच."

"कवळ्या लाव तू. पट्टे लावायला जबडा वेगळा लागतो." ते टेबलाकडे वळले, आणि चालता चालता, मागे न बघता म्हणाले, "आणि सांगायला पाहिजे होतंस. मी काय तुला खाल्लं असतं?"

"खाल्लंच असतंत," दातवाले म्हणाले. मग जरा थांबून, "पण सांगायला हवं होतं, हे खरं. चुकलं माझं. तुमच्या कपाटातलं माझ्या वाट्याचं सामान..."

मास्तर थांबले. "तुला कुणी सांगितलं?"

"भिंतीनं."

मास्तरांनी घसा साफ केला आणि उगाच छताकडे बघितलं. "त्याचं काही नाही. माझ्या गाडीला दुप्पट आयुष्य मिळालं, असं समजायचं. पण मला एक सांग, या तुझ्या बाहुलीचे जादा पट्टे आहेत का तुझ्याकडे? दाते? बेअरिंगं?"

"नाहीत."

"म्हणजे काहीच नाही!" मास्तरांच्या चेहऱ्यावर, किती तरी दिवसांनी, पूर्वीचं तेज आलं. "आणि हा माणूस शर्यतीला उभा राहतो! बेकरीवाल्या बाई कुठे आहेत? बाई, ओ बाई! जरा इकडे या, कुठून मिळवता हे सगळं?"

बाई हातातली बिस्किटांची पिशवी ठेवून आल्या. मास्तरांनी त्यांना अर्धा तास पिळून काढलं. स्वतःची मधल्या गटाची अंतिम शर्यत पुकारली, तेव्हा बाईंनीच त्यांना ढकलून मचाणावर पाठवलं. त्या शर्यतीत मास्तरांचा दांडा असा पळाला, की ते तिसरे आले, आणि खाली उतरून ते सगळ्यांना ऐकवत राहिले की पट्टा वगैरे ठीक आहे, पण खरी गाडी कुठली ते डोळे असणाऱ्यांनी पाहिलंच. वरच्या गटात अर्थातच बाई पहिल्या आल्या. त्यांच्या सासूबाईंनी गॅलरीतून दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली, की दातवाल्यांना स्वतःच्या कामाचा अभिमान वाटला.

सगळ्यांनी मिळून गालिचा गुंडाळला. फळ्या रचल्या. घरी जायला चौघे मास्तरांच्या शाळेच्या गाडीत बसले. छतावर शिकाऊची पाटी होती, ती काढायची मास्तरांना कधी आठवण राहायची नाही. दातवाले चालवायला बसले, कारण मास्तरांना दोन्ही हात मोकळे हवे होते. पट्टा किती ताणावा हे दाखवायला.

"हे बघ, इतका. याहून घट्ट नाही. मोटरवर ताण येतो. आणि मागची स्प्रिंग..."

"मागची मऊ आहे."

"मऊ? कुणी सांगितलं मऊ ठेवायला? सिग्नल आहे पुढे."

"दिसतोय मला सिग्नल."

"दिसतोय तर मग पाय काढ गॅसवरून." आणि मास्तरांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. त्या गाडीत ब्रेक दोन्हीकडे होते. मागच्या सीटवर दोघी बहिणी एकमेकींवर आपटल्या.

"बोलत नव्हते तेच बरं होतं," थोरली म्हणाली.

"हो ना," धाकटी म्हणाली. "निदान घरी वेळेवर पोचत होतो."

पुढे दोघंही काही ऐकत नव्हते. मागची स्प्रिंग मऊ असावी की कडक, यावर वाद इतका रंगला, की घराकडे जाणारं वळण केव्हाच मागे पडलं. बहिणींनी एकमेकींकडे बघितलं. धाकटीनं बेकरीवाल्या बाईंनी दिलेली बिस्किटांची पिशवी उघडली, थोरलीनं काच खाली केली, आणि संध्याकाळचं गार वारं खात, बिस्किटं चघळत, त्या आरामात टेकून बसल्या. गाडी कुठेतरी जाऊन थांबेलच.